केळीला पाणी, मग मुलांना का नको?

वैशाखात फैजपूरच्या शिवारातून एक फेरी मारा. पारा ४४-४५ अंशांवर असतो. केळीच्या बागेभोवती गरम वारा अडवायला शेवरी लावलेली असते आणि बुंध्याशी ठिबकचे पाणी पडत असते. त्याच उन्हात खांद्यावर घड वाहणाऱ्या मजुराचा ताप मोजलात, तर तो भरेल ३७-३८ अंश! बाहेर भट्टी पेटलेली असताना आतले तापमान जागचे फारसे हलत नाही.

शरीराच्या या गुणाला समस्थिती म्हणतात. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२६ साली तिला ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिले. एक लिटर घाम अंगावर वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र त्याबरोबर पाणी आणि मीठही जाते.

रक्ताच्या आम्लतेचेही असेच आहे. तिचे माप म्हणजे सामू. निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात राहतो. पेशी तर रात्रंदिवस कार्बन डायऑक्साइड आणि आम्ले तयार करतात. मग तोल राखतो कोण? पहिला राखणदार रक्तातील बायकार्बोनेट. तो आम्लाला तत्काळ आवरतो. दुसरी फुप्फुसे. मैदानावर धावल्यावर तुम्हाला धाप लागते, तेव्हा ती जादा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत असतात. तिसरी मूत्रपिंडे. ती सावकाश, काही तासांत किंवा दिवसांत, उरलेले आम्ल लघवीवाटे काढतात.

हल्ली बाजारात ‘अल्कलाइन पाणी’ मिळते. त्याने रक्तातील आम्ल कमी होते, असे विकणारे सांगतात. माझ्या मते निरोगी माणसाने त्यावर एक पैसाही खर्चू नये. ते पाणी आधी जठरातील तीव्र आम्लात पडते. त्यातूनही थोडा अल्कली रक्तात पोचलाच, तर मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. फार तर लघवीचा सामू बदलेल, रक्ताचा नाही.

शरीराला हवे असते ते साधे, स्वच्छ आणि पुरेसे पाणी. पाणी फारच कमी पडले की मूत्रपिंडांचे काम मंदावते. जुलाबात तर पाण्याबरोबर बायकार्बोनेटही वाहून जाते आणि रक्त आम्लतेकडे झुकते. म्हणून जलसंजीवनीच्या पुडीत मीठ आणि ग्लुकोजबरोबर सोडियम सायट्रेट घालतात. शरीरात त्याचे बायकार्बोनेट बनते. महागड्या बाटलीला जे साधत नाही, ते ही स्वस्त पुडी करते.

आता शिक्षकांना एक विनंती. आपल्या खानदेशात वार्षिक परीक्षेच्या दिवसांतच पारा चाळिशी गाठतो. तरीही तासाला पाणी पिण्याची परवानगी मागणारा मुलगा अनेक वर्गांत बेशिस्त ठरतो. शाळेचे स्वच्छतागृह नीट नसले, तर मुली दिवसभर पाणीच टाळतात. केरळात २०१९ साली काही शाळांनी पाणी पिण्यासाठी खास घंटा सुरू केली. तशी घंटा आपल्या शाळेत वाजवायला खर्च तो काय?

राखणदार चोख आहेत. पण त्यांना शिधा आपणच पुरवायचा असतो. मे महिन्यात केळीचे पाणी एक दिवस चुकले तर शेतकऱ्याचा जीव कासावीस होतो. तेवढी काळजी वर्गातल्या मुलांचीही वाहू या.