मोठेपणी कोण होणार? : अडलं कुठे, ते शोधणारा

आजीच्या हाती नवा मोबाइल दिला की काय होतं? दोन-चार ठिकाणी बोट लावून ती म्हणते, "मला मेलीला नाही जमत रे!" आपण हसतो. पण चूक खरंच आजीची असते का?

हा प्रश्न विचारणं, हाच काहींचा व्यवसाय आहे, बरं का! त्यांना यूएक्स रिसर्चर म्हणतात. यूएक्स म्हणजे युजर एक्सपिरियन्स, अर्थात वस्तू वापरणाऱ्याचा अनुभव. ही मंडळी घरी, दुकानात, स्टेशनवर जातात. परवानगी घेऊन, समोरचा माणूस वस्तू कशी वापरतो ते पाहतात. तो कुठे थांबला, कुठे गोंधळला, ते टिपून घेतात. "अहो, इथे दाबा" असं मध्येच सांगायचं नाही! नंतर वस्तूत बदल होतो आणि पुन्हा पाहणी होते.

आपल्या मराठीचंच उदाहरण घ्या. इंग्रजी कळफलकावर मराठी लिहिताना अनेकांची त्रेधातिरपीट उडते. पण बाराखडी तर पहिलीपासून येते! मुंबईच्या आयआयटीत प्रा. अनिरुद्ध जोशी व सहकाऱ्यांनी २०१३ साली 'स्वरचक्र' हा कळफलक आणला. त्यात अक्षरं क, ख, ग, घ अशी शाळेतल्याच क्रमाने लावली. 'क'वर बोट ठेवलं की भोवती चक्र उघडतं : का, कि, की, कु... माणसाला जे येतं, त्यावरच वस्तू उभी केली.

यासाठी शिकायचं काय? बारावी कोणत्याही शाखेची चालते. 'यूसीड' परीक्षा देऊन आयआयटीत डिझाइनची पदवी घेता येते. इतर पदवीनंतर 'सीड' देऊन पुढचं शिक्षण. मानसशास्त्र, समाजशास्त्र शिकलेलेही या कामात येतात.

पालकहो, यूसीड इंग्रजीतून असते. तेव्हा इंग्रजीची तयारी हवीच. पण पूर्णेच्या बाजारात आलेल्या शेतकऱ्याची बोली ज्याला कळते, त्याला त्याची अडचणही लवकर कळते. मराठी शाळेतलं लेकरू इथे मागे नाही.

नोकरी मागताना नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. आपण काय पाहिलं, काय सापडलं, ते दाखवावं लागतं. मग सुरुवात आत्ताच करा की! घरातल्या पाच जणांना एकच काम सांगा, मोबाइलवर उद्याचा पाच वाजताचा गजर लावायचं. तुम्ही गप्प बसा. प्रत्येक जण कुठे अडला, ते वहीत लिहा. तिघे एकाच जागी अडले, तर दोष कुणाचा? विचार करा आणि आजीलाही सांगा!