निळूभाऊंचा पाटील आणि आपण

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी नकलांचा कार्यक्रम करतो आणि त्यात निळू फुले यांची नक्कल ठरलेली असते. खांदे किंचित पाडायचे, मान तिरकी करायची, डोळे अर्धवट मिटून घोगऱ्या आवाजात कोणा एका बाईला वाड्यावर बोलवायचे, की सभागृह हास्याने दणाणून जाते. यंदाही तसेच झाले. नक्कल बेताचीच होती, टाळ्यांना मात्र तोटा नव्हता. दुसऱ्या दिवशी वाणिज्य शाखेच्या वर्गात 'सहकार' हे प्रकरण शिकवीत असताना मी सहज विचारले, की हिंदुराव धोंडे-पाटील हे नाव कोणी ऐकले आहे काय? एकही हात वर झाला नाही. आदल्या दिवशी नक्कल करणारा विद्यार्थीही त्याच वर्गात बसला होता.

निळू फुले यांचे १३ जुलै २००९ रोजी पुण्यात निधन झाले, तेव्हा ही मुले अगदी लहान होती. त्यांच्यापर्यंत निळूभाऊंचा आवाज पोहोचला आहे. तो आवाज कशासाठी लावला होता, हे मात्र वाटेतच कोठे तरी गळून पडले आहे. एका नटाची स्मृती पुसट झाली, एवढ्यापुरताच हा प्रश्न असता तर त्यासाठी वर्तमानपत्राची जागा अडविण्याचे कारण नव्हते. काळाच्या ओघात नट विसरले जातात, हे स्वाभाविकच आहे. परंतु निळू फुले यांनी तीस-चाळीस वर्षे जी माणसे उभी केली, ती माणसे म्हणजे आपल्या ग्रामीण सत्तेचा चालता-बोलता इतिहास होता. त्या इतिहासाचा आपण विनोद करून टाकला आहे.

सत्तेला ओरडावे लागत नाही

१९६८ साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी' या चित्रपटात झेलेअण्णांची भूमिका करून निळूभाऊ रुपेरी पडद्यावर आले. त्यानंतरची वीस वर्षे मराठी चित्रपटातील पाटील, सरपंच, सावकार, कारखान्याचे चेअरमन असे सारे सत्ताधारी जणू त्यांच्याच नावावर लावून दिले गेले. त्याच काळातील हिंदी चित्रपटाचा खलनायक आठवून पाहा. त्याला तळघर लागे, बंदूक लागे, गडगडाटी हास्य लागे. निळूभाऊंच्या पाटलाला यांपैकी काहीच लागत नसे. तो खुर्चीत रेलून बसे आणि हळू बोले. बोलता बोलता मध्येच थांबे, आणि त्या थांबण्यातच समोरच्या माणसाचा निम्मा धीर खचे. त्याला घाई नसते, कारण समोरचा माणूस कोठेही जाऊ शकत नाही, हे त्याला ठाऊक असते.

तो माणूस का जाऊ शकत नाही, हा मात्र अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. आडसाली ऊस सुमारे दीड वर्ष शेतात उभा असतो. त्यासाठीचे पीककर्ज गावच्या सोसायटीतून मिळते आणि त्याची वसुली उसाच्या बिलातून होते. ऊस तयार झाला, की तोड वेळेवर मिळावी लागते. ती लांबली तर उसाला तुरे फुटतात, वजन घटते, आणि पुढच्या पिकासाठी रान मोकळे होत नाही. तोडलेला ऊसही ठेवून चालत नाही. तो लगोलग गाळला गेला नाही, तर उतारा कमी होतो. थोडक्यात, वांगी किंवा ज्वारी घेऊन शेतकरी जसा दुसऱ्या बाजारात जातो, तसा ऊस घेऊन त्याला सहसा जाता येत नाही. अशा परिस्थितीत कर्ज, पाणी, तोड, मुलाची कारखान्यातील नोकरी आणि मुलीचा शाळाप्रवेश या साऱ्यांच्या किल्ल्या एकाच कमरेला लटकल्या, की त्या कमरेच्या मालकाला आवाज चढविण्याची गरज उरत नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. सहकाराने ग्रामीण महाराष्ट्राला जे दिले, ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० साली प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो खाजगी कारखानदार आणि सावकार यांच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडविण्यासाठीच. त्या वाटेने पुढे रस्ते आले, शाळा आल्या, दवाखाने आले. 'एक सभासद, एक मत' हे तत्त्व भागभांडवलाच्या सत्तेवर उतारा म्हणून योजलेले होते. परंतु ज्याचा ऊस तोडीची वाट पाहत उभा आहे, त्याचे मत कागदावर एक असले तरी प्रत्यक्षात किती असते? हा प्रश्न पाठ्यपुस्तक विचारीत नाही. तो 'सामना'ने विचारला.

जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला आणि विजय तेंडुलकरांनी लिहिलेला हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात दाखविला गेला. त्यातील साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील हा सरळसोट दुष्ट माणूस नव्हे. त्याने खरोखरच काही उभारले आहे आणि त्याचा त्याला रास्त अभिमानही आहे. दारूच्या आहारी गेलेल्या एका जुन्या ध्येयवादी मास्तरला तो गंमत म्हणून घरी ठेवून घेतो. आणि हा मास्तर एकच प्रश्न विचारीत राहतो, की मारुती कांबळेचे पुढे काय झाले? डॉ. श्रीराम लागू यांचा मास्तर आणि निळूभाऊंचा हिंदुराव यांच्यातील ती झुंज मराठी अभिनयाच्या इतिहासात नोंदली गेलीच आहे. मला त्यात महत्त्वाची वाटते ती निळूभाऊंच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत जाणारी भीती. पैसा, पोलीस, माणसे सारे हाताशी असताना हा गृहस्थ एका निष्कांचन म्हाताऱ्याच्या प्रश्नाला भितो. सत्ता कशाने बांधली जाते आणि कशाने उसवते, या दोन्ही गोष्टी त्या एका भूमिकेत दिसतात.

एकाच प्रश्नाच्या अनेक बाजू

निळू फुले यांना अष्टपैलू म्हटले जाते. हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. वेश बदलला, भाषा बदलली, की नट अष्टपैलू झाला असे आपल्याला वाटते. निळूभाऊंचे वैविध्य या जातीचे नव्हते. आवाज तोच, देहयष्टी तीच. परंतु एकाच प्रश्नाच्या सगळ्या बाजूंना ते आळीपाळीने उभे राहिले.

१९७२ साली रंगभूमीवर आलेल्या तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मध्ये त्यांनी सखाराम उभा केला. या सखारामकडे वाडा नाही, जमीन नाही. छापखान्यात पुस्तके बांधणारा हा कामगार नवऱ्याने टाकलेल्या बायकांना घरात आणतो आणि निवाऱ्याच्या बदल्यात त्यांच्याकडून राबणूक व शरीरसुख वसूल करतो. वरवर पाहता हा करार दोन्ही पक्षांच्या संमतीचा आहे. पण एका पक्षाला डोक्यावर छप्परच नसेल, तर त्या संमतीला अर्थ किती, हे नाटक पाहणाऱ्याला उमगल्यावाचून राहत नाही. त्या नाटकावर अश्लीलतेचा आरोप झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. वादाच्या धुरळ्यात एक गोष्ट मात्र झाकली गेली. हिंदुराव होण्यासाठी कारखाना असावाच लागतो असे नाही. दोन खोल्यांच्या घरातही तो असू शकतो.

त्याच नटाने १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये दिगू टिपणीस या पत्रकाराची भूमिका केली. सत्तेचे सारे डावपेच त्याला दिसतात, त्यातले काहीच त्याच्या हातात नसते, आणि अखेरीस तो भ्रमिष्टासारखा हसत सुटतो. जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त' नाटकात ते मुख्यमंत्री झालेल्या मुलाच्या कारभाराविरुद्ध उभे राहणारे वृद्ध गांधीवादी आप्पाजी झाले. १९८४ च्या 'सारांश'मध्ये पुन्हा ते सत्तेच्या बाजूला, निर्ढावलेला राजकारणी बनून उभे आहेत. सत्ता गाजविणारा, तिचा साक्षीदार आणि तिला आव्हान देणारा, असे तिघेही एकाच माणसाने तितक्याच सच्चेपणाने साकारावेत, ही गोष्ट केवळ अभिनयकौशल्याने साधत नाही. त्यासाठी समाजाची रचना ठाऊक असावी लागते.

ऐंशी रुपयांतील दहा रुपये

ती त्यांना खालून ठाऊक होती. वयाच्या सतराव्या वर्षी निळू फुले पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून कामाला लागले. पगार महिना ८० रुपये. त्यातले १० रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. स्वतःची रोपवाटिका काढावी अशी त्यांची इच्छा होती, पण भांडवल नव्हते म्हणून ती राहून गेली. ज्याला स्वतःच्या धंद्यापुरते भांडवल जमत नाही, तो माणूस उत्पन्नाचा आठवा हिस्सा चळवळीला देतो, हे आमच्या शास्त्राच्या कोणत्याही वक्ररेषेत बसणारे नाही. सेवा दलाच्या कलापथकातच त्यांच्यातला नट घडला. पु. ल. देशपांडे यांच्या 'पुढारी पाहिजे' या लोकनाट्यातील रोंग्याने त्यांच्याकडे लोकांचे लक्ष वेधले, आणि शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची'ने त्यांना गावोगाव नेले.

त्यांनी केलेले सारेच चित्रपट चांगले होते असे कोणी म्हणणार नाही. जे खपते तेच बाजार पुन्हा पुन्हा मागतो, आणि मराठी चित्रपटसृष्टीने निळूभाऊंकडून तोच बाईलवेडा पाटील शेकडा मागून घेतला. यात एक गोम होती. पाटलाची सत्ता त्याच्या वासनेत आहे असे ठरविले, की तिच्या आर्थिक मुळांकडे पाहण्याची गरजच राहत नाही. शेवटच्या रिळात नायक त्याला चोपतो आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातो. सोसायटी, कारखाना आणि तोडीची यादी जागच्या जागी राहते. या चित्रपटांचा दोष एकट्या नटाच्या माथी मारता येणार नाही. तिकीट आपण काढले होते. गावोगावच्या बायका त्यांना पाहून बोटे मोडीत, अशी त्यांच्या अभिनयाची ख्याती होती. ते बोट पडद्यापलीकडच्या खऱ्या चेअरमनकडे किती वेळा गेले, याचा हिशेब आपणच मांडावयाचा आहे.

निळूभाऊंनी स्वतःचा हिशेब चोख ठेवला. डॉ. लागू आणि इतर नामवंत कलावंतांबरोबर त्यांनी आचार्य अत्रे यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग महाराष्ट्रभर केले, ते सामाजिक कृतज्ञता निधीसाठी. पूर्णवेळ काम करणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावे, मुद्दल शाबूत राहावे आणि व्याजातून ही तजवीज व्हावी, अशी ती योजना होती. कार्यकर्त्याच्या घरची चूल पेटली नाही, तर तोही कोणा हिंदुरावाच्या दारात उभा राहील, हे जाणणाऱ्यांनी केलेली ही व्यवस्था होती. ८० रुपयांतील १० रुपयांचेच ते मोठे रूप होते. आयुष्याच्या अखेरीस, २००९ साली आलेल्या 'गोष्ट छोटी डोंगराएवढी' या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरील चित्रपटातही ते दिसले.

स्नेहसंमेलनानंतर आठवड्याभराने मी वर्गाला 'सामना' दाखविला. मुले सुरुवातीला चुळबुळली, मग शांत झाली. संपल्यावर नक्कल करणाऱ्या त्या विद्यार्थ्याने विचारले, "सर, सहकारात प्रत्येकाला एक मत असते ना? मग सभासदांनी त्याला निवडणुकीत पाडले का नाही?" मी उत्तर देण्यापूर्वीच मागच्या बाकावरून, ऊसपट्ट्यातल्या एका गावाहून शिकायला आलेला मुलगा म्हणाला, "पाडले असते, पण मग ऊस कोणी नेला असता?"

वर्गात कोणी हसले नाही. सहकाराच्या प्रकरणाला मी दोन तासिका ठरविल्या होत्या. त्या प्रश्नावर आणखी तीन गेल्या. पुढच्या स्नेहसंमेलनात निळूभाऊंची नक्कल पुन्हा होईल आणि ती व्हावीही. नकलेला माझा विरोध नाही. ती करणाऱ्या आणि पाहणाऱ्या मुलांना निदान एवढे ठाऊक असावे, की ज्या माणसाला आपण हसतो आहोत, त्याच्यासमोर बसून कोणी तरी मारुती कांबळेविषयी विचारले होते. ते विचारण्याचे काम आता शिक्षकांवर, कारकुनांवर आणि या मुलांवर आले आहे.