उंबरठ्याचा दिवे घाट

आईच्या खुब्याचं हाड तिच्या दिंडीच्या बुवांच्या कृपेने जुळलं, असं मावशी येईल त्याला सांगते. हा पूर्वपक्ष. त्याचं खंडन एका एक्स-रेने होतं, कारण हाड जुळलेलंच नाही. मोरीत पाय घसरून मांडीच्या हाडाची मान मोडली. अशा मोडीत वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा अनेकदा तुटतो आणि 74 व्या वर्षी तो पुन्हा धरेल याचा भरवसा नसतो. डॉक्टरांनी तो काढून धातूचा बसवला. फिल्मवर तो पांढराफेक दिसतो. जे जुळलंच नाही ते कृपेने कसं जुळलं?

मावशी हसते. ‘डॉक्टरांच्या हातात बुद्धी कोण घालतं?’ असं म्हटलं की वाद संपला. पण त्याच दिंडीतले एक पखवाजी, आईसारखेच माळकरी, तसेच पडले आणि तीन आठवड्यांत न्युमोनियाने गेले. आई उठली ही कृपा, तर ते गेले ते काय? मावशीने भाजी निवडता निवडता उत्तर दिलं, ‘त्यांची श्रद्धा कमी पडली असेल.’ माझं डोकं फिरलं ते इथे. कृपेची वही अशीच लिहितात: जमा बुवांच्या नावावर, खर्च मेलेल्याच्या. त्या माणसाच्या बायकोसमोर मावशीने हे वाक्य म्हणून दाखवावं.

दुसरा पूर्वपक्ष माझ्या भाच्याचा. तो म्हणतो, बुवांचा काडीचा संबंध नाही. असलाच तर प्लासिबो. पुरावा म्हणून तो 2006 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला अभ्यास काढतो. 6 रुग्णालयं, बायपासचे 1802 रुग्ण. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली आणि ज्यांच्यासाठी झाली नाही, त्यांच्यात फरक दिसला नाही. उलट ‘तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे’ हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांच्यात गुंतागुंत जास्त, 59 टक्के. न कळलेल्यांत 51-52. अभ्यास खरा आहे आणि मावशीने आईसाठी केलेल्या पारायणाला लागूही पडतो. बुवांना मात्र तो लागू नाही. तिथे प्रार्थना करणारे दूरचे, अनोळखी लोक होते. रुग्णाच्या खोलीत येऊन बसणारा त्यात कुणी नव्हता.

आमचे बुवा काय करत होते ते मी पाहिलंय. आई पडली त्या रात्री मावशीने आधी त्यांनाच फोन लावला. अंगारा मागायला. पलीकडून ओरडणं मला इकडे ऐकू आलं, ‘108 मणी नंतर मोजा, आधी 108 ला फोन करा!’ ज्या गुरूच्या तोंडून हे पहिलं वाक्य निघत नाही, त्याच्याविषयीचा बाकी वाद मला घालायचाच नाही. साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र घालणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवलंय. मोडलेल्या खुब्याला अंगारा लावून दोन दिवस घालवणारा मला त्याच पंक्तीतला वाटतो.

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर मात्र आई पलंग सोडेना. पडून राहिलं की पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा होतात, छाती भरते, हे तिला सगळ्यांनी सांगून झालं होतं. वॉकर पुढे आला की ती पलंगाची कड घट्ट धरायची. बोटं पांढरी पडायची.

बुवा आले. आई सवयीने पायाशी वाकायला गेली, तर त्यांनी हात आडवा घातला. ‘डॉक्टरांनी वाकायला मना केलंय ना? तीन महिने नमस्कार बंद.’ मग फिजिओथेरपीच्या मुलीला विचारलं, ‘आज किती पावलं?’ ती म्हणाली, सहा. बुवांनी उठून पलंगापासून मोरीपर्यंत स्वतः चालून अंतर मोजलं. अकरा पावलं भरली. ‘माउली, पलंग म्हणजे आळंदी. कपाट म्हणजे पुणं. मोरीचा उंबरठा हा दिवे घाट. आजचा मुक्काम पुण्याला.’

आई त्या दिवशी कपाटापर्यंत गेली. आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग दुसरा. मुलीने शिकवलेला क्रम तोच, फक्त आता तिच्या ओठांवर विठ्ठल होता. दोन दिवसांनी बुवांचा फोन, कुठवर आलात? ती म्हणाली, घाट अवघड आहे. ते म्हणाले, मग घाटाच्या पायथ्याशी थांबा, दिंडी कुठे जात नाही. असे फोन त्यांनी पाच आठवडे केले.

याला भाच्याने प्लासिबो म्हणू नये. प्लासिबोच्या गोळीत औषध नसतं. इथे पावलांचा आकडा होता, आणि तो फिजिओथेरपीच्या मुलीकडून आलेला होता. भीतीने अडलेला पाय उचलला जाणं हा उपचाराचाच भाग आहे. सर्जनने गोळा बसवला, मुलीने क्रम शिकवला आणि आई चालली ती ज्याच्या शब्दावर चाळीस वर्षं चालत आली त्याच्या शब्दावर. एवढं श्रेय बुवांचं, आणि ते मी कुणालाही काढून घेऊ देणार नाही. मावशीलासुद्धा, कारण तिच्या चमत्कारात पाच आठवड्यांच्या फोनना जागाच नाही.

परवा तिने बुवांसमोरच कृपापुराण सुरू केलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मला विचारलं, ‘मोरीतली ती गुळगुळीत फरशी बदलली का?’

बदललेली नव्हती.