छोट्या विमानांना मैदान हवे

ऑगस्ट २००३ मध्ये न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरून उडालेले, पाच किलोंहून हलके एक नमुना-विमान अटलांटिक ओलांडून सुमारे एकोणचाळीस तासांनी आयर्लंडमध्ये उतरले. ते बांधणारे मेनार्ड हिल त्या वेळी ७७ वर्षांचे होते. दृष्टी जवळजवळ गेलेली होती. यास पोरखेळ म्हणण्याचे धाडस कोणी करावे? चिमुकल्या इंजिनाची सुई किंचित फिरवून इंधन व हवा यांचा मेळ केवळ कानाने जुळविणारा मुलगा जे शिकतो, ते फळ्यावरील आकृतीने शिकविता येत नाही. महिन्याचे काम क्षणात मातीस मिळाले तरी तो पुन्हा गोंद घेऊन बसतो, हेही शिक्षणच होय.

छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडणाऱ्या, पंचवीस किलोंपर्यंतच्या अशा विमानांची २०२१ च्या ड्रोन नियमांनी वेगळी दखल घेतली, हे योग्यच झाले. पण आकाश मिळाले तरी जमीन कोठे आहे? लग्नमंडपांना व प्रदर्शनांना मैदाने मिळतात. विमानतळापासून व वस्तीपासून दूरचे एखादे मैदान महानगरपालिकेने रविवारी सकाळी या मुलांसाठी राखून ठेवावे. इंजिनाच्या आवाजाची तक्रार होईल आणि ती खोटीही नसेल. म्हणूनच दोन तासांची मर्यादा आम्ही सुचवितो.