‘चालते आहे ना, मग हात कशाला लावायचा?’

नवी दुर्बीण, नवा उपग्रह, नवा महासंगणक यांना देशभरातील विज्ञानवार्तांत मथळे मिळतात. त्यांनी गोळा केलेला डेटा दहा वर्षांनी वाचता येईल का, हे कोणी विचारत नाही. तो प्रश्न मी एका क्षुल्लक वाटणाऱ्या नोंदीपासून विचारतो.

कोडाईकनाल वेधशाळेतील १९०४ पासूनच्या सूर्यप्रतिमा आजही संशोधनाला उपयोगी पडतात. काचेची प्लेट उजेडात धरली की सूर्य दिसतो. आपल्या प्रयोगशाळांतील सॉफ्टवेअर रेडचे तसे नाही. तेथे एकच फाइल अनेक डिस्कांवर तुकड्यांनी विखुरलेली असू शकते. कोणती डिस्क कितवी, तुकडा केवढा, रेडची पातळी कोणती, हे सारे प्रत्येक डिस्कवरील ‘सुपरब्लॉक’ या छोट्या नोंदीत असते. ती नोंद हरवली की उरते केवळ बाइटांची रास.

लिनक्समध्ये या नोंदीचा जुना नमुना ०.९०. त्यात २८ पेक्षा अधिक डिस्का बसत नाहीत. रेड-१ आणि त्यापुढील पातळ्यांत प्रत्येक डिस्कचे २ टेराबाइट, नव्या कर्नेलांत ४ टेराबाइट, एवढेच वापरता येतात. नोंद संपूर्ण डिस्कची की शेवटच्या पार्टिशनची, असाही संभ्रम होऊ शकतो. तरीही जुन्या सर्व्हरविषयी ठरलेले उत्तर मिळते: ‘चालते आहे ना, मग हात कशाला लावायचा?’

याला सावधगिरी म्हणणे ही आत्मवंचना आहे. बदल टळत नाही. तो फक्त डिस्क निकामी झाल्याच्या रात्री, घाबरलेल्या विद्यार्थ्याच्या हातून करावा लागतो. मग तो ‘क्रिएट’ आज्ञा देऊन संच नव्याने बांधू पाहतो. नव्या संचाला आपोआप १.२ नमुना मिळतो; त्याची नोंद डिस्कच्या आरंभापासून ४ किलोबाइटांवर, म्हणजे जुना डेटा जेथे आहे तेथेच लिहिली जाते. डिस्कांचा क्रमही चुकला आणि पुनर्बांधणी सुरू झाली, तर उरलेसुरलेही जाते.

सरळ मार्ग उपलब्ध आहे. ०.९० आणि १.० या दोन्ही नमुन्यांची नोंद डिस्कच्या शेवटाकडे असते, म्हणून या दोहोंत बदल करताना डेटा जागचा हलत नाही. आधी बॅकअप घ्यावा. सिंक बाकी नसल्याची खात्री करावी, राइट-इंटेंट बिटमॅप काढावा, संच थांबवावा आणि पुन्हा जोडताना एमडीएडीएमला ‘अपडेट=मेटाडेटा’ हा पर्याय द्यावा. काम काही क्षणांचे. मात्र कर्नेल स्वतःहून केवळ ०.९० चेच संच जोडतो. रूट फाइलप्रणाली अशा संचावर असेल, तर इनिटरामएफएसची सोय आधीच करून ठेवावी.

इतके सोपे काम होत का नाही? कारण आपल्याकडे उपकरणाच्या खरेदीला अनुदानात जागा असते. ते सांभाळण्याचे काम एखाद्या पीएचडी विद्यार्थ्यावर ढकलले जाते आणि त्याच्या प्रबंधात त्याची एक ओळही मोजली जात नाही. अनुदान देणाऱ्यांनी डेटाच्या निगराणीसाठी माणूस आणि पैसा मागितलाच पाहिजे, आणि संशोधकांनी तो मागण्यात कमीपणा मानू नये.

विद्यार्थी मित्रहो, उद्या आपल्या सर्व्हरवर एमडीएडीएमची ‘एक्झामिन’ आज्ञा चालवून पाहा. आवृत्ती ०.९० दिसली, तर मार्गदर्शकांना त्याच दिवशी सांगा. डिस्क नवी विकत मिळते. कालचा सूर्य पुन्हा टिपता येत नाही.