मानेच्या गाठीची वाट पाहणे

वऱ्हाडात खर्ऱ्याने गाल सडलेला मजूर दवाखान्याची पायरी चढतो तो बहुधा मानेला गाठ आल्यावरच. तोंडाचा कर्करोग प्रथम पसरतो तो याच वाटेने. गाठ हाताला लागत नसतानाच मानेतील ग्रंथी काढाव्यात की थांबावे, हा शल्यचिकित्सकांतील जुना वाद. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने आरंभीच्या अवस्थेतील ५०० रुग्णांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला. पहिल्याच शस्त्रक्रियेत ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते; थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के.

थांबणे ज्याला वरचेवर तपासणीस जाता येते त्यालाच परवडते. धारणीच्या किंवा बार्शीटाकळीच्या मजुराची प्रत्येक खेपेस रोजी बुडते.

रोग हाताबाहेर गेलेल्यांसाठीही याच रुग्णालयाने २०२२ साली वाट दाखविली. केवळ गोळ्यांवर वर्षभर १६ टक्के रुग्ण जगले. सोबत निवोलुमॅब दिल्यावर ४३ टक्के, आणि तेही नेहमीच्या २४० ऐवजी अवघ्या २० मिलिग्रॅमच्या मात्रेने! कमी औषध पुरते हे सिद्ध करण्याचा खटाटोप नफ्यावर जगणारी कंपनी कशाला करील? तो जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेनेच केला.

मग त्याचे फळ जनतेच्या दारी का नसावे? कर्करोगानेच १९६८ साली गेलेल्या तुकडोजी महाराजांच्या नावाचे रुग्णालय नागपुरात आहे. त्यांचा जिल्हा मात्र अमरावती. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तोंड व मान यांच्या शस्त्रक्रियेची कायम पदे या दोन्ही शहरांत मागितली पाहिजेत, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रत्येक खर्रा खाणाऱ्याचे तोंड बॅटरीच्या उजेडात तपासण्याची सक्ती जिल्हा परिषदांकडे.