शंभर दाणे



मे महिना सरत आला की आम्ही विस्तार अधिकारी मंडळी सोयाबीनच्या उगवण चाचणीचे प्रात्यक्षिक घेत गावोगाव हिंडतो. परवा एका गावी असेच एका शेतकऱ्याच्या ओसरीवर गोणपाट भिजवून अंथरले. दहा-पंधरा माणसे जमली. मी दाणे मांडायला घेतले तोच घरातले आजोबा पुढे आले. वय ऐंशीच्या पुढे. काठी भिंतीला टेकवून ते खाली बसले आणि माझ्या हातातली वाटी घेऊन स्वतःच दाणे मांडू लागले. हात थोडा थरथरत होता, पण ओळ अशी सरळ की तिफणीने पेरल्यासारखी.

चौथ्या ओळीला मुलगा आतून आला. "आबा, उठा बरं तुम्ही. साहेबांचा वेळ मोडतोय. तुम्हाला काय करायचंय आता? आरामात बसा की."

आबांनी हातातले दोन दाणे वाटीत परत टाकले, काठी घेतली आणि खाटेवर जाऊन बसले.

मुलगा वाईट नाही हो. बापाला पंखा, टीव्ही, औषधपाणी, सारे वेळच्या वेळी. बापाने आयुष्यभर कष्ट केले, आता त्याला काडीही उचलू द्यायची नाही, अशी त्याची माया. मी उरलेल्या ओळी मांडल्या, चार गोष्टी सांगितल्या, चहा घेतला आणि निघालो. बोललो मात्र काही नाही. का बोललो नाही ते पुढे सांगतो. त्याआधी एका परमुलखातल्या माणसाची हकिकत ऐका.

जपान देशात, क्योतो प्रांताच्या उत्तर टोकाला, समुद्राकाठी क्योतांगो नावाचे लहानसे शहर आहे. सहा छोटी गावे एकत्र करून २००४ साली ते झाले. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचे एखादे तालुक्याचे ठिकाण समजा. भाताची शेती, रेशमी कापडाचे माग आणि हिवाळ्यात बर्फ. या मुलखात १९ एप्रिल १८९७ रोजी एका शेतकऱ्याच्या घरी एक मुलगा जन्मला. आपल्याकडे पुण्यात प्लेगने हाहाकार उडवला होता आणि लोकमान्य टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला झाला, ते हे साल. मुलाचे नाव किंजिरो मियाके.

जन्मतारखेची गंमत आहे. त्यांचा पुतण्या सांगे की खरी तारीख १९ मार्च. १९५५ साली गावांची दप्तरे एकत्र करताना कारकुनाच्या हातून चूक झाली. आपल्यात शाळेत नाव घालताना गुरुजींनी एक जून तारीख टाकलेली कितीतरी माणसे आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. पण वर्षाबद्दल शंका नाही. संशोधकांनी जुनी कागदपत्रे तपासून त्यांच्या वयाची खात्री करून घेतली आहे.

मुलगा शाळेत हुशार होता. चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा संपली आणि गावाकडच्या टपाल कचेरीत तो कामाला लागला. पुढे लग्न झाले आणि सासरच्या किमुरा घराण्याने त्याला आपला करून घेतला. आपल्या भाषेत घरजावई आणि दत्तक दोन्ही. त्या घरात कर्त्या पुरुषाने जिरोएमोन हे नाव लावायचे, अशी पिढ्यांची रीत. हे नववे जिरोएमोन झाले. जिरोएमोन किमुरा या नावानेच जग त्यांना ओळखते.

या माणसाने लढाई जिंकली नाही, निवडणूक लढवली नाही, की कारखाना काढला नाही. टपाल खात्यातली नोकरी, बायको, सात मुले आणि थोडी शेती, एवढाच प्रपंच. सुखदुःख मात्र कोणाला चुकले आहे? ७ मार्च १९२७ रोजी त्याच तांगो भागात मोठा भूकंप झाला आणि सुमारे तीन हजार माणसे दगावली. तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते. ज्यांनी १९९३ सालचा किल्लारीचा भूकंप पाहिला, त्यांना अशा मुलखात पुन्हा घर उभे करणे म्हणजे काय ते सांगायला नको. पुढे महायुद्ध आले आणि गेले. १९६२ साली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, ते नोकरीतून निवृत्त झाले.

आता नीट लक्ष द्या. आपल्याकडे निवृत्त झालेला माणूस काय करतो? हार घालून घेतो, फोटो काढतो आणि पारावर बसतो. किमुरा शेतात गेले. मुलाच्या हाताखाली शेतीकामाला लागले, आणि ते काम नव्वदीच्या सुमारापर्यंत चालू राहिले. म्हणजे निवृत्तीनंतर जवळजवळ पंचवीस वर्षे! आपल्याकडे एवढ्या काळात एक पिढी शेतीला लागून संसाराला लागते.

दरम्यान १९७८ साली त्यांची बायको गेली. त्यानंतर हा माणूस पस्तीस वर्षे जगला. थोरला मुलगाही आधीच गेला. शेवटच्या काळात घरात त्यांच्याजवळ होत्या थोरल्या मुलाची विधवा आणि नातवाची विधवा. सून ऐंशी ओलांडलेली, नातसून साठीला टेकलेली. या दोघींनी त्यांचे सारे केले. बहिणींनो, विक्रम किमुरांच्या नावावर लागला, पण त्यातली शेवटची कित्येक वर्षे या दोघींच्या हातांवर उभी होती. म्हातारे माणूस सांभाळणे म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगावे असे नाही.

खाण्यापिण्याची त्यांची रीत साधी होती. भाताची पेज, भाज्या, सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्याचे सार. लाल भोपळा आणि रताळी आवडीची. थोडे खावे आणि पुष्कळ जगावे, हे त्यांचे ब्रीदच होते. आपले वाडवडील तरी दुसरे काय सांगत? अति खाणे अन् मसणात जाणे. सकाळी लवकर उठायचे, भिंग घेऊन वर्तमानपत्र वाचायचे, दूरदर्शन संचावर कुस्त्या बघायच्या आणि त्यांच्या संसदेतली भाषणेही ऐकायची. शंभरी ओलांडलेल्या माणसाला सरकार काय म्हणते याची उत्सुकता होती, हे मला फार मोलाचे वाटते.

डिसेंबर २०१२ मध्ये, जगात आजवर खात्रीने नोंद झालेल्या पुरुषांत सर्वांत जास्त जगलेला पुरुष, असा त्यांचा लौकिक झाला. एकशे सोळाव्या वाढदिवसाला पंतप्रधान शिंझो आबे यांनी चित्रफितीतून शुभेच्छा पाठवल्या. १२ जून २०१३ रोजी ते वारले. आयुष्य एकशे सोळा वर्षे चौपन्न दिवसांचे. मागे चौदा नातवंडांचा, पंचवीस पतवंडांचा आणि त्यांच्याही पुढे खापरपणतूंचा वाढलेला वंशविस्तार. एकोणिसाव्या शतकात जन्मलेला, माहितीतला तो शेवटचा पुरुष.

तुम्ही म्हणाल, साहेब, म्हणजे शेतात राबले की माणूस एकशे सोळा वर्षे जगतो? नाही. तसे असते तर आपल्या प्रत्येक गावात शंभरीची माणसे ओळीने बसली असती. आपल्याकडे राबून राबून साठीत वाकलेली माणसे मी रोज पाहतो. आयुष्याची दोरी कशाकशाने वळलेली असते, त्यात आईबापांकडून आलेले शरीर असते, दवाखाना असतो, नशीबही असते. मी ही हकिकत वर्षे मोजण्यासाठी सांगत नाही. मला तिच्यातली एकच गोष्ट उचलावीशी वाटते. या माणसाचे काम वयाबरोबर कमी होत गेले, पण एका दिवसात कोणी काढून घेतले नाही. नोकरी सुटली तेव्हा शेत होते. शेत सुटले तेव्हा वर्तमानपत्र होते, घरात चार पिढ्यांचे बोलणे होते. हाताला आणि डोक्याला काही ना काही उरत गेले.

आता मी ओसरीवर गप्प का बसलो ते सांगतो.

माझे वडील चार एकर जिरायतीचे धनी. माझी बदली तालुक्याच्या गावी झाली तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते. मी शेत वाट्याने दिले, बैलजोडी बाजारात विकली आणि त्यांना क्वार्टरमध्ये घेऊन आलो. पुढच्या व्हरांड्यात नवी खुर्ची ठेवली. मनात म्हटले, पांग फेडले.

पहिले वर्षभर मी संध्याकाळी आलो की ते विचारत, "आज कुठल्या शिवारात गेला होतास? ओल किती गेलीय?" मी दमलेला असे, एका शब्दात उत्तर देई. आवारात एक नळ होता, त्याचे पाणी ठिबकून जमीन ओली राही. तिथे त्यांनी कुठूनसे रोप आणून वांगी लावली, चार मिरच्या लावल्या. खुरपे नव्हते, तर स्वयंपाकघरातल्या जुन्या उलथन्याने माती हलवत. एकदा शेजारचे एक साहेब हसत म्हणाले, "वडिलांना अजून शेतमजुरी करायला लावता का?" मला ते लागले. त्या महिन्यात आवारात फरशी बसवायची होती. मी वांग्याची झाडे उपटून घेतली. झाडांना कळ्या आल्या होत्या.

वडील काही बोलले नाहीत. पण त्यानंतर शिवाराची, ओलीची चौकशी थांबली. आणखी तीन वर्षे ते त्या खुर्चीत बसून होते. आजार असा काही सापडला नाही. मी बी. एस्सी. ॲग्री झालेला माणूस; मुळासकट उपटलेले रोप फरशीवर ठेवले तर काय होते, हे मला पुस्तकात शिकवलेले होते. घरात मात्र सुचले नाही.

म्हणून परवा त्या मुलाला काही बोलण्याचे तोंड मला नव्हते.

असो. गेलेले परत येत नाही, पण तुमच्या घरचे म्हातारे अजून ओसरीवर आहेत. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, त्यांना काम द्या, राबवू नका. दुपारचे ऊन, फवारणी, मारके जनावर, विहिरीचा काठ आणि डोक्यावरचे ओझे यांपासून त्यांना लांब ठेवा. सकाळचा तासभर सावलीतला, बसून करायचा उद्योग पुष्कळ. परसबाग आहे, बियाणे निवडणे आहे, रोपवाटिकेतले तण काढणे आहे. घरात पर्जन्यमापक असेल तर पावसाची नोंद वहीत लिहिणे आहे. बसायला पाट, जवळ पाण्याचा तांब्या आणि हाकेच्या अंतरावर कोणीतरी असावे.

दुसरी गोष्ट, दिसत नाही म्हणून काम काढून घेण्याआधी डोळे तपासा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता सोपी झाली आहे.

तिसरी गोष्ट, विचारा. कोणत्या तुकड्यात पाणी साठते, कोणत्या बांधाला हुमणी लागते, हे त्यांना पाठ असते. निर्णय तुम्हीच घ्या, पण विचारा.

चौथी गोष्ट, उगवण चाचणी यंदापासून घरच्या म्हाताऱ्यांकडे सोपवा. ओल्या गोणपाटावर बोटबोट अंतराने दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, वर दुसरे ओले गोणपाट घालायचे, सैल गुंडाळी करून सावलीत ठेवायची. अशा तीन गुंडाळ्या कराव्यात. रोज पाणी शिंपडायचे. सहा-सात दिवसांनी उलगडून चांगले कोंब मोजायचे आणि तिन्हींची सरासरी काढायची. शंभरात सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी तीस किलो बियाणे पुरते. कमी उगवले तर त्या मानाने वाढवावे, फारच कमी असेल तर ते बियाणे पेरूच नये. या कामाला ताकद लागत नाही. लागतो तो धीर, आणि तो म्हाताऱ्यांकडे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त असतो.

आठ दिवसांनी मी कोंब मोजायला त्याच ओसरीवर गेलो. मुलगा म्हणाला, "साहेब, आम्हाला पाणी मारायची आठवणच राहिली नाही, पण आबांनी रोज मारलंय बघा." मी गुंडाळी आबांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटले, "मोजा." मुलगा काही बोलायला गेला, मी हाताने थांबवले. एवढे तरी मला या वेळी जमले.

आबांनी एकेका कोंबाला बोट लावत मोजले. वेळ लागला. मध्ये एकदा चुकले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग चष्मा वर करून म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर. पण चार कोंब मरतुकडे आहेत. ते धरू नका. चौऱ्याहत्तरच धरा."

मी वहीत चौऱ्याहत्तर लिहिले.

पुढच्या वर्षी मी अठ्ठावन्नचा होतो आणि निवृत्त होतो. घरी मुलाला आत्ताच सांगून ठेवले आहे, मला खुर्ची आणू नकोस. एक खुरपे आण.

पेरणीची घाई करू नका. पुरेशी ओल होऊ द्या. पुढच्या आठवड्यात भेटू. रामराम.